बाबांचा उजवा पाय

जन्मभर बस चालवलेले बाबा लेकीच्या नव्या गाडीत शेजारी बसले, तरी गाडी आपणच चालवायचे. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय रबरी मॅटवर ब्रेक शोधायचा. ओल्या उतारावर पुढचा टेम्पो अचानक आडवा झाला. लेकीने कचकन ब्रेक दाबला. पेडल थरथरलं, खालून खडखड ऐकू आली. "सोड, परत दाब, परत सोड," म्हणत बाबांनी मॅट बडवली. त्यांच्या काळात चाकं जाम होऊ नयेत म्हणून असंच करावं लागे. लेकीने पाय तसूभरही उचलला नाही, टेम्पोला वळसा घातला आणि गाडी कडेला उभी केली. "बाबा, ती दाबसोड आता एबीएसच करतं. थरथर त्याचीच. आपण पाय दाबून धरायचा आणि वळायचं." गाडी निघाली, तशी बाबांनी चपला काढल्या, सीटवर मांडी घातली आणि चक्क घोरू लागले.