पवळी खात नाही

पवळीने तोंड फिरवलं.

भाऊंनी गवताची पेंढी पुन्हा तिच्या नाकाशी नेली. पवळीने ती हुंगली आणि देवळाच्या रस्त्याकडे बघत रवंथ करत राहिली. भाऊ टिटवाळ्यातल्या एका नव्या टॉवरचे सेक्रेटरी. दर मंगळवारी गणपतीचं दर्शन, मग शांताबाईंकडून एक पेंढी विकत घेऊन त्यांच्याच गायीला भरवायची, मग नाश्ता. हा क्रम सात वर्षांत पहिल्यांदाच मधे अडकला.

"पोट बिघडलंय का हिचं?"

"नाही साहेब. भरलंय," शांताबाई म्हणाल्या.

मागे त्याच टॉवरमधल्या मंदाकिनीकाकू उभ्या होत्या. "लिफ्टचं काम कुणाला दिलं, तेव्हाच मला वाटलेलं," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

"काय वाटलेलं? बोला ना!"

काकूंनी उत्तरादाखल आपली पेंढी पुढे केली. पवळीने तीही घेतली नाही. काकूंच्या मते गायीला हल्ली नीट दिसत नसावं. तिसरा नंबर रिक्षावाल्या प्रशांतचा होता. गायीने मान हलवायच्या आधीच तो म्हणाला, "पाच सीट घेतो, मान्य आहे. उद्यापासून चारच घेईन." गायीने त्याला काही विचारलं नव्हतं.

दुपारपर्यंत टॉवरच्या ग्रुपवर बातमी फिरली, की देवळाच्या रस्त्यावरची गाय पापी माणूस ओळखते. गर्दी वाढली. पेंढी मात्र कुणी घेईना. घेतली आणि तिने नाही खाल्ली तर? तेही बायकोसमोर?

पवळी पापी वगैरे काही ओळखत नव्हती. ती जेवून आली होती.

हे सम्यकचं काम. तो कल्याणचा, पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करणारा. प्रोजेक्टसाठी त्याला एक अशक्त जनावर हवं होतं, आणि पवळीच्या बरगड्या रस्त्यापलीकडून मोजता येत होत्या. शांताबाईंच्या घरामागे हत्तीगवताचा एक पिवळा पडलेला पट्टा होता. सम्यकने त्याला शेणखत घातलं. प्रत्येक कापणीनंतर मोजून युरिया, वर पाणी. "युरिया टाकल्यावर लगेच कापायचं नाही हां मावशी, जनावराला बाधतं." मग ते गवत बारीक कापून त्याची कुट्टी, त्यात सुका पेंढा, वर चमचाभर क्षारांची पावडर, सकाळ-संध्याकाळ. दोन महिन्यांत गवत शांताबाईंच्या डोक्यावर गेलं. पवळीच्या अंगावर तकाकी आली. दूध एका लिटरवरून चार लिटरवर गेलं. सम्यकने गायीसोबत सेल्फी काढला. त्यात गाय जास्त चांगली आली.

चार लिटर दूध घेऊन शांताबाई टॉवरमध्ये गेल्या. मंदाकिनीकाकूंनी किटलीला हात जोडले.

"रस्त्यावरच्या गायीचं? नको गं बाई. आमचं पिशवीचं असतं."

बाकीच्या मजल्यांवरही पिशवीचंच होतं. शांताबाई दोन दिवस स्वतःच दूध प्यायल्या. तिसऱ्या दिवशी ते नासलं. त्यांची चूल दुधावर कधी पेटलीच नव्हती. ती पेंढ्यांवर पेटायची, आणि पेंढ्या सकाळी जेवढ्या मांडल्या तेवढ्याच संध्याकाळी घरी परत येत होत्या. पुढचा मंगळवार तसाच गेला. घरात तांदूळ होता, तो संपला. लोक आता पवळीला टाळून समोरच्या फुटपाथवरून देवळात जाऊ लागले. भाऊ तर मागच्या गल्लीतून जात.

त्याच्या पुढच्या मंगळवारी भाऊंची गल्ली गटाराच्या कामासाठी खोदली होती. नाइलाजाने ते पवळीसमोरून निघाले. पवळीने दाव्याला असा हिसडा दिला, की भाऊ जागच्या जागी थांबले. त्यांनी एक पेंढी घेतली. पवळीने ती सुतळीसकट ओढली.

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'लिफ्टचा विषय इथे संपला.' मंदाकिनीकाकूंनी दोन पेंढ्या भरवल्या. प्रशांत परत पाच सीटवर आला. अकरा वाजेपर्यंत रांग फुलवाल्यापर्यंत गेली होती.

गुरुवारी सम्यक फाइल घेऊन आला. प्रोजेक्ट जमा करायचा होता. तो पवळीसमोर थांबला, मग तिच्या मागे जाऊन बघून आला.

"मावशी, ही कुठली गाय?"

"तीच रे."

त्याने तिच्या कुशीवर हात ठेवला. हाताला हाडं लागली. "आजारी पडली?"

"आजारी कशाला पडेल? उपाशी आहे."

"अहो, एवढं गवत वाढवलेलं आपण!"

शांताबाईंनी गोणपाटाकडे बोट दाखवलं. त्यावर हिरव्यागार पेंढ्या ओळीने मांडल्या होत्या. "तुझंच आहे ते. लोकांना फार आवडतं. इतकं हिरवं रस्त्यावर कुणाकडेच नाही म्हणतात."

तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांनी पेंढी भरवली, डोळे मिटले, पवळीच्या कपाळाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला आणि चपला शोधत निघून गेल्या. त्यांची पाठ वळताच शांताबाईंनी पवळीच्या तोंडातली उरलेली पेंढी ओढून काढली, झटकली, नवी सुतळी बांधली आणि ओळीत ठेवली. पवळीची मान त्या पेंढीमागे दावं ताणेपर्यंत आली.

"मावशी, अशाने मरेल ती."

"ती जेवली तेव्हा मी मरत होते. तू नव्हतास आलेला."

सम्यकने फाइलमधून फॉर्म काढला. फॉर्म तर भरायचाच होता.

"दूध?"

"आटलं."

"शेण?"

"खाल्ल्याशिवाय कुठून?"

"मग वाढलेलं उत्पादन म्हणून काय लिहू मी इथे?"

शांताबाईंनी पुढच्या गिऱ्हाइकाला पेंढी दिली. पवळीने ती हातातून हिसकावली. गिऱ्हाईक कृतार्थ हसलं.

"भूक लिही," शांताबाई म्हणाल्या.