दहाव्या मशीनचं पीं

ऑफिसातली दहाही मशीनं सुरू होताना 'पीं' करायची. साहेब पार्टिशनमागे बसून पीं मोजायचे, आणि साडेनऊनंतर वाजलं की तिथूनच ओरडायचे, "या राजे, लेटमार्क!" आता आणखी एक लेटमार्क लागला असता, तर आपल्या प्रोग्रामरची उरलेली एकुलती एक रजा कापली गेली असती. ती त्यानं ताईच्या लग्नासाठी जिवापाड जपली होती.

पण पठ्ठ्या लिनक्स कोळून प्यायलेला. मशीन बूट होताना कुठली मॉड्यूलं, म्हणजे एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, लोड करायची नाहीत, याची एक यादी असते. त्यानं गुपचूप स्पीकरचं मॉड्यूल त्या यादीत टाकलं. दुसऱ्या दिवशी दहाला आला, मांजराच्या पावलांनी जागेवर बसला, मशीन सुरू केलं. हूं नाही की चूं नाही! दिवसभर स्वारी गालातल्या गालात हसत होती.

संध्याकाळी पाण्याच्या कूलरपाशी साहेब समोर आले आणि दचकलेच.



"अरे, तू इथे कसा? सकाळी नऊच वेळा पीं झालं. म्हटलं, दहावा म्हणजे तूच, आणि टाकली की तुझी रजा!"