लंडनचं पाकीट

पाकीट अर्धं पिशवीत होतं, अर्धं बाहेर. लहानग्या लेकीला, मोनाला, कडेवर घेऊन तेजस्वी दारातच थांबली.

रुद्रय्याकाकांनी तिला पाहिलं आणि पाकीट चटकन पिशवीत सरकवलं. पुढ्यात आण्णांचा अल्बम उघडा होता. आण्णा, म्हणजे तिचे सासरे, हात धुवायला मोरीत गेले होते.

महिनाभर तिला हाच संशय होता. काका आण्णांचे जुने मित्र, दर महिन्याला शिरोळहून एसटीनं यायचे. दोघा म्हाताऱ्यांना एकच नाद, विमान टपालाच्या जुन्या पाकिटांचा. त्यातल्या एकावर आण्णांचा भारी जीव. एकोणीसशे एकोणतीस साली कोल्हापूरहून निघालेलं, कराचीला विमानात चढून लंडनला पोचलेलं. बोटीच्या टपाल-हशिलावर विमानाचं जादा हशील, तेही वजनावर, म्हणून लोक कसा कांद्याच्या सालीसारखा कागद वापरायचे, हे आण्णा दर खेपेला रंगवून सांगत. काका दर खेपेला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "व्हय काय?" म्हणत. तिला ते ढोंग वाटायचं. मागच्या वेळी काका गेले आणि धूळ पुसताना तिला त्या पाकिटाचा कप्पा रिकामा दिसला. आण्णांच्या जीवाला लागेल म्हणून ती बोलली नाही. पाळतीवर राहिली. तसा तिचा कुणावरच विश्वास नव्हता. काकांनी मोनासाठी आणलेली चिक्कीही ती गुपचूप टाकून द्यायची.

"काका, पिशवी दाखवा."

"राहू दे की, सूनबाई." काकांची नजर मोरीच्या दाराकडे होती.

तिनं राहू दिलं नाही. आण्णा पंचाला हात पुसत आले तेव्हा पाकीट तिच्या हातात होतं. यांच्या पिशवीत निघालं, म्हणून तिनं सांगितलं.

आण्णा पाकिटाकडे बघत राहिले. मग मित्राकडे. "रुद्र्या, मागितलं असतंस तर दिलं नसतं व्हय मी?"

काकांनी पिशवी उचलली. "चुकलं, आण्णा," एवढंच म्हणाले. अर्धा चहा तसाच ठेवून उठले. चपला घालताना हलक्या आवाजात तिला म्हणाले, "त्याच कप्प्यात ठेव, पोरी. लागतंय त्येला."

चोर तो चोर, वर शिरजोर, असं तिच्या मनात आलं.

दुपारची झोप काढून आण्णा उठले. तिला हाक मारून शेजारी बसवलं. चेहरा लख्ख, सकाळचं काही घडलंच नसल्यासारखा. लंडनचं पाकीट उजेडात धरून त्यांनी कांद्याच्या सालीपासून सगळं पुन्हा सांगितलं. मग आवाज बारीक करून म्हणाले, "हे रुद्रय्याला द्यायचं ठरवलंय मी. लई आवडतंय त्याला. आत्ताच कुणाला बोलू नगंस."

कप्पा महिनाभर रिकामा होता, तिनंच पाहिला होता. चोरलेली वस्तू कुणी त्याच घरात परत घेऊन येतं का, एवढा साधा प्रश्न तिला पडला नव्हता. आण्णा देत होते आणि विसरत होते. काका आणून ठेवत होते. आणि आज आण्णांना आपलं विसरणं कळू नये म्हणून मुकाट चोर होऊन गेले होते.

स्टुलावर काकांचा कप तसाच होता. तिला त्याच्याकडे बघवेना.

आण्णा पाकिटावरून हलकेच बोट फिरवत होते. "आज यायचा हाय न्हवं त्यो? चहा वाढवून टाक."