डावं दार

मोबाइलवरच्या भयपटात सुनसान रस्त्यावर ट्रकचं दार आपोआप उघडलं, तशी पौर्णिमा नत्थुजी आजोबांना बिलगली. “भूत नाई, कडी ढिली असन,” टेम्पो हाकत नत्थुजी म्हणाले. हिवरखेडची वांगी अकोल्याला चालली होती. झेंडूच्या मळ्यापाशी खड्डा आला आणि टेम्पोचंच डावं दार उघडलं. पौर्णिमा किंचाळली. नत्थुजींनी टेम्पो थांबवला, एखादी बाई पदर सावरून उतरेल इतका वेळ वाट पाहिली, मग दार ओढून घेतलं. “तुही आजी तीस वर्षं फुलं तोडाले इथंच उतरे. उतरतानी मले म्हणे, हळू चालवजा.” आजीला जाऊन वर्ष झालं होतं. कडी आजच बदला, असा मुलाचा हुकूम होता. अकोल्यात गॅरेजवाल्यानं पाना उचलला. नत्थुजी टायरकडे पाहत राहिले. मोबाइलमधून डोकं न काढता पौर्णिमा म्हणाली, “काका, दार राहू द्या. आमची एक सवारी त्याच दारानं उतरते.”