हसू नका

नव्या-जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात कुंदानं दोन कॅमेरे हातात घेऊन पाहिले. नवाकोरा तिच्या ऐपतीबाहेरचा होता. परवडणारा होता तो कोपऱ्यावर रंग उडालेला. तहसील कचेरीसमोरच्या स्टुडिओत अकरा वर्षं पासपोर्टचे फोटो काढल्यावर तिनं नोकरी सोडली होती. आता तिला नवरीमुलींचे, मॉडेल व्हायला निघालेल्या पोरींचे झोकदार फोटो काढायचे होते. पण हे असलं खेळणं बघून समोर बसणार कोण?

"खोक्याकडं नका बघू ताई, भिंगाकडं बघा," दुकानाचे मालक अत्तारचाचा म्हणाले. त्यांनी त्या जुन्या कॅमेऱ्याला एक बुटकी लेन्स बसवली आणि स्वतःच दारातल्या उजेडात स्टुलावर जाऊन बसले. "माझाच काढा."

कुंदानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं बोलून गेली, "मान सरळ. दोन्ही कान दिसू द्या. हसू नका."

"मला कुठं परदेशी धाडताय?" म्हणत चाचा खो खो हसत सुटले. तेवढ्यात तिच्याकडून बटण दाबलं गेलं.

तिनं धास्तावून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. मागची कपाटं विरघळून नुसता मऊ रंग उरला होता आणि पुढं चाचांचा चेहरा होता, पडलेल्या दातासकट, हसून डोळ्यांच्या कडांना आलेल्या पाण्यासकट. कुंदाचा जीव भांड्यात पडला.

"हसलो की ओ मी. परत बसू?" चाचांनी विचारलं.

अकरा वर्षं हसणाऱ्या प्रत्येकाला तिनं परत बसवलं होतं.

"नको चाचा," कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवत ती म्हणाली. "आता हसलेलं चालतं."