तालमीतली शपथ

भटूला बापानं मारलं आणि भटूनं मारून घेतलं. लिंबायतच्या तालमीत दीडपट वजनाच्या गड्यांना चीत करणारा सोळा वर्षांचा पोरगा! आता सरकारी दवाखान्यात पडला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजून बंद.

राघो वस्ताद धापा टाकत आले. भटूची आई पुष्पाबाई खाटेशी बसली होती. तिनं त्यांना बसा म्हटलं नाही.

"एक बोट बी नही उचलं मन्हा पोऱ्यानी," ती म्हणाली. "तुम्हनी शपथ पाळी त्यानी."

शपथ रविवारचीच. भटू बापाच्या अंगावर धावून गेला म्हणून वस्तादांनी त्याला तालमीत नेलं, मुठीत माती दिली आणि बापावर पुन्हा हात उचलणार नाही असं वदवून घेतलं. दारू उतरली की बाप बापच असतो, हेही वर ऐकवलं. भटूनं ऐकलं. जगात तो एवढ्या एकाच माणसाचं ऐकायचा.

वस्तादांना भडभडून आलं. "शाब्बास रे वाघा," ते म्हणाले. असल्या वेळी शाब्बास!

भटूनं डाव्या हातानं त्यांचा सदरा धरला. "वस्ताद, गडबडीत धाकटी बहीण घरीच राहिली, हर्षदा. बाप आता दारूची पोटली पिऊन येईल. मी नाही दिसलो की तिला धरेल. लहान आहे हो ती. आई गेली तर दोघींना मारेल. तुम्ही जा."

"शेजारपाजारचं कुणी असेल ना..."

"कुणी येत नाही. तुम्हाला भितो तो. तुम्ही नुसते दारात उभे राहा."

वस्ताद उभेच राहिले, पण तिथंच. उद्या मारामारी होईल, पोलीस येतील, तालमीला टाळं लागेल, सगळं त्यांना दिसायला लागलं. लाजही वाटत होती, पण पाय काही निघेना.

"बेटा, घरातलं भांडण आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्याच्या घरात मी कसा शिरू?"

पुष्पाबाईनं पदर तोंडाशी धरला.

भटूनं सदरा सोडला. उठायला गेला, कळ आली, तरी उठून बसला. प्लास्टरमधला हात त्यानं वस्तादांपुढे धरला, शेजारी दुसराही.

"मग माझे हात मला परत द्या," तो म्हणाला.