कांद्याचं सरकार

हुसेनमियाँनी कोठाराला स्वतःचं कुलूप घातलं आणि दाराला पाठ लावून ते उभे राहिले. समोर जुम्म्याच्या सुट्टीतला अख्खा कॅम्प. सगळ्यांत पुढे नागेश वेल्डर, हातात ग्राइंडर. आधी कुलूप कापू की मियाँचं पोट, असं त्याने विचारलं. एरवी सगळे हसले असते. आज कोणी हसलं नाही.

सौदीतल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या कडेला असलेल्या त्या कामगारांच्या कॅम्पात कांदा अठरा रियाल किलो झाला होता. तिकडे भारतातून निर्यात बंद, इकडे जहाज अडकलेलं, आणि कॅम्पात दुकान एकच, हुसेनमियाँचं. अशी वेळ आली होती, की मेसमध्ये पोरं कांद्याची एक फोड मधोमध ठेवायची आणि तिच्याकडे बघत बघत भाकरी संपवायची. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

पण कॅम्प बॉस फांग चिनी होता आणि पक्का होता. स्वस्ताईत त्याने कामगार निधीतून जेद्दाच्या बाजारातला कांदा उचलून हे थंड कोठार भरून ठेवलं होतं. आज तो पाच रियालने विकायला काढणार होता. म्हणजे मियाँचं दुकान खलास. दुकान गेलं की कफील, म्हणजे इथला जामीनदार शेठ, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवणार नाही, आणि इकामा संपला की उतारवयात रिकाम्या हाताने दाभोळ.

फांग आला. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्याची मराठी वेल्डरांच्या संगतीत पिकलेली, त्यामुळे निम्मी शिव्यांची. त्या इथे गाळल्या आहेत.

हुसेनमियाँचा आवाज कापत होता, पण ते हटले नाहीत.

"साहेब, राज्यानेच दुकान थाटलं, तर दुकानदाराने काय राज्य करायचं?"

फांग चमकला. मग खाली उकिडवा बसला आणि सांगू लागला. त्याच्या देशात दोन हजार वर्षांपूर्वी भर दरबारात हेच भांडण झालं होतं. मीठ आणि लोखंड राज्याने आपल्या हाती घेतलं होतं. पंडित म्हणाले, राजाने प्रजेशी नफ्यासाठी झोंबू नये. मंत्री म्हणाला, स्वस्तात राज्याने घ्यावं, महागाईत राज्याने सोडावं, नाहीतर चार धनदांडगे मिळून देश गिळतील. मंत्र्याचं ते म्हणणं अजून मेलेलं नाही. त्याच्या देशातले कारखाने आणि बंदरं बघा, म्हणाला. आणि हे समोरचं शहर? या वाळूत ते कुठल्या दुकानदाराने वसवलं?

नागेशने ग्राइंडर सुरू केला. तो आवाज ऐकून मागचे पुढे सरकले. मियाँनी डोळे मिटले, पण दार सोडलं नाही.

"एवढं सांगा," ते ओरडले, "तुमचा राजा मिठावर बसला, तेव्हा मीठवाल्यांनी काय खाल्लं?"

फांगने हात वर केला. ग्राइंडर थांबला.

"पगार," तो म्हणाला. "मिठाचं खातं राजाने मिठाच्या व्यापाऱ्याकडेच दिलं. भाव कुठे फुगतो, माल कुठे लपतो, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? हे कोठार तुम्ही चालवा मियाँ. भाव मी ठरवीन. पगार कंपनीचा, इकामा कंपनीचा."

हुसेनमियाँनी डोळे उघडले. सदरा खाली ओढून नीट केला. ज्या गर्दीला ते इतका वेळ घाबरत होते, तिच्यावरून त्यांनी एक संथ नजर फिरवली.

"ऐका रे," ते म्हणाले. आवाज आता कापत नव्हता. "आजपासून या कॅम्पात खासगी कांदा विकायचा नाही. सापडला तर जप्त."

"आणि तुमच्या दुकानात पोती आहेत ती?" नागेशने विचारलं.

"दुकानदार आडवा येत होता," हुसेनमियाँ म्हणाले, "पण आम्ही ती आत्ताच जप्त केली."